दुप्पट उंची, आठपट धातू

प्रश्न : आम्ही तंजावरचे मराठी. स्वामीमलैच्या स्थपतींकडून पंचधातूच्या मूर्ती घडवून घेतो आणि बाहेरगावी पाठवतो. पुण्याच्या एका नव्या गिऱ्हाइकानं १ फुटी आणि २ फुटी गणपतीचं कोटेशन मागितलंय. स्थपती म्हणतात, मोठ्याला आठपट धातू लागेल. इतका फरक खरंच पडतो का? आणि तसं लिहून दिलं तर गिऱ्हाईक आम्हालाच लबाड समजणार नाही का?
– एक वाचक, तंजावर

उत्तर : स्थपतींचं बरोबर आहे. उंची दुप्पट केली की रुंदी आणि जाडीही दुप्पट करावी लागते, नाहीतर गणपती उभट, किडकिडीत दिसेल. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ. स्वामीमलैची मूर्ती भरीव ओततात, त्यामुळे हा गुणाकार थेट वजनात उतरतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र फुटाचा हिशेब असतो. म्हणून आधी वजन सांगा, मग किंमत.

वजनाचा अंदाज हवेतला नसतो. मूर्ती आधी मेणात घडते. मधमाश्यांचं मेण, राळ, थोडं तेल. तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात, साचा तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. जेवढी जागा मेणाची, तेवढीच धातूची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये याचं प्रमाणच दिलंय : मेणाच्या आठपट तांबं किंवा पितळ, बारापट चांदी, सोळापट सोनं. तांबं पाण्याच्या सुमारे नऊपट जड आणि मेण पाण्याहून जरासं हलकं, तेव्हा हा जुना आकडा अंदाजापुरता आजही चालतो. फक्त हा आठ आणि उंचीचा आठ यांची गल्लत करू नका.

मजुरीचा हिशेब निराळा. ओतकामानंतरचं छिन्नीकाम आणि पॉलिश पृष्ठभागावर चालतं, आणि तो दुप्पट उंचीला चौपट होतो, आठपट नाही. शिवाय छोट्या गणपतीलाही बोटं, दागिने, मुकुट तेवढेच असतात, वर ते अधिक नाजूक. सरसकट किलोचा दर लावला तर लहान मूर्तीत कारागिराची मेहनत बुडते आणि मोठीत गिऱ्हाइकाला भुर्दंड पडतो. माझं स्पष्ट मत आहे की धातू आणि घडणावळ वेगवेगळ्या ओळींत लिहावी. नव्या माणसाचा विश्वास बसतो तो अशा फोड करून दिलेल्या आकड्यांवर.

पण कोटेशन पाठवण्याआधी एक विचारून घ्याच : उंची पीठासह की पीठाशिवाय? २४ इंचांत ३ इंचांचं पीठ धरलं, तर मूर्ती २१ इंचांची उरते आणि नुसत्या मूर्तीचं वजन २४ इंची मूर्तीच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतं. एवढ्या तफावतीवर पुढे भांडणं होतात. प्रभावळ हवी का, हेही तेव्हाच विचारा.

‘दुसरीकडे निम्म्या भावात मिळते’ असं उत्तर आलं तर चिडू नका आणि घाईनं भावही पाडू नका. ती मूर्ती भरीव आहे की पोकळ, एवढंच विचारा. पोकळ मूर्ती घेण्यात काही वावगं नाही. ती भरीव म्हणून विकणं वाईट.

पहिल्या कोटेशनमध्ये वजन ‘अंदाजे’ लिहा, धातूचा दर कोणत्या तारखेचा आणि किती दिवस बांधलेला ते लिहा, आणि लाकडी पेटी, वाहतूक, जीएसटी धरून की वेगळं, तेही. पक्का आकडा मेणाची मूर्ती काट्यावर चढल्यावर कळवू, असं सांगा आणि त्या वेळचा फोटो पाठवा. बदल सुचवायचे ते गिऱ्हाइकानं तेव्हाच सुचवायचे. मेणात डावी सोंड उजवी करता येते, धातूत नाही; ही अटही लेखी असू द्या.