घरात माणसं किती, कार्डावर नावं किती?



या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं राशनकार्डासाठी ठेवू. प्रत्येकीने आपलं कार्ड आणि मागच्या महिन्याची पावती सोबत आणावी.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यामुळे राशनचं धान्य हा आपला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. या कायद्यात दोन गट आहेत.

अंत्योदय : कार्डामागे महिन्याला ३५ किलो. घरात एकटी विधवा बाई असो की सहा माणसं, ३५ किलोच.

प्राधान्य कुटुंब : माणशी ५ किलो. इथे कार्डावरच्या एकेका नावाला किंमत आहे.

जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना हे धान्य मोफत आहे. त्याआधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता.

आता हिशोब करू. एका प्राधान्य कुटुंबात सासू, सासरे, मुलगा, सून आणि दोन लेकरं आहेत. मिळायला पाहिजे ३० किलो. पण कार्डावर सासू, सासरे आणि मुलगा एवढीच नावं. मिळतं १५ किलो. म्हणजे वर्षाला १८० किलो धान्य कमी! रोवणीच्या दिवसांत घरातले धान संपले की हेच धान्य उसनं किंवा विकत आणावं लागतं.

नाव कसं चढवायचं?

१. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून तसा दाखला आणा.
२. लेकरांचा जन्मदाखला आणि सगळ्यांचे आधार कार्ड जोडा.
३. सडक अर्जुनीच्या तहसील कार्यालयात पुरवठा विभागाकडे अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
४. कार्डावर नाव लिहिलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ऑनलाइन नोंद झाली का, ते दुकानातल्या मशीनवर पाहून घ्या. ई-केवायसीसाठी प्रत्येकाचा अंगठा लागतो, लेकरांबद्दल दुकानात विचारून घ्या.

"यांना वेळ मिळाला की जातील" म्हणून थांबू नका. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही राशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख असते. विचारायचा पहिला मान तुमचाच.

दुकानात अंगठा लावला की पावती मागा. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर आधी दुकानदाराला विचारा, मग गावच्या दक्षता समितीला सांगा. तरीही झालं नाही तर १९६७ या मोफत क्रमांकावर तक्रार करा. घरचे लोक कामासाठी नागपूरला किंवा परराज्यात गेले असतील, तर तिथल्या राशन दुकानातूनही धान्य उचलता येतं.

बैठकीत करायचं काम : घरात माणसं किती, कार्डावर नावं किती, मागच्या महिन्यात किलो किती, हे तीन आकडे प्रत्येकीचे रजिस्टरमध्ये लिहा. ज्यांचे जुळत नाहीत, त्यांनी एकच दिवस ठरवून सोबत तहसीलला जा. एकट्या, म्हाताऱ्या बायांना मात्र घरी ठेवून जाऊ नका. त्यांचं कार्ड सर्वांत आधी पाहा.