आजीची गोधडी कोणाच्या वांट्याची?

(पाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ९, वचनें ३६ ते ४२)

यापो येथें दुर्कस मरण पावली तेव्हां माडीवर जमलेल्या विधवांनीं पेत्राला काय दाखविलें, हें वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावें. तिचें घर नव्हे, तिचें धन नव्हे. तिनें आपल्या हातांनीं केलेलीं वस्त्रें त्यांनीं दाखविलीं. मूळ ग्रीक क्रियापदाचें रूप असें आहे कीं, त्या आपल्या अंगावरचींच वस्त्रें दाखवीत होत्या, असा अर्थ कित्येक टीकाकार करितात, आणि तो आम्हांस योग्य वाटतो. वस्त्रें पेटींतून काढून आणावीं लागलीं नाहींत. शिवणारी निपचित पडली होती, आणि तिचें काम रडणाऱ्यांच्या अंगावर होतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. तापीकांठीं सारंगखेड्यास मार्गशीर्षांत दत्तजयंतीस यात्रा भरते, व घोड्यांच्या बाजारासाठीं दूरदूरचे व्यापारी येऊन उतरतात. त्या दिवसांत नदीवरून येणारा पहाटेचा गारठा ज्यानें सोसला आहे, त्यास गोधडी म्हणजे काय हें समजावून द्यावयास नको. जुनीं लुगडीं व धोतरें धुऊन एकावर एक अंथरावयाचीं, वरच्या थरास रंगीत तुकडे लावावयाचे, मग कडेपासून आंत आंत धांवदोरा घालीत मध्यापर्यंत जावयाचें, ही तिची रीत. घोड्याच्या खोगीरांतही चिंध्या भरतात. परंतु खोगीरभरतीच्या चिंधीस कोणी नांवानें ओळखीत नाहीं. गोधडींतला निळा चौकोन बापाच्या सदऱ्याचा, पिवळा आत्याच्या परकराचा, हें घरांतलें लेंकरूं बोट ठेवून सांगतें. मात्र त्यास शिकविणारी आजी जिवंत आहे तोंवरच.

आजी प्रभूंत निजली म्हणजे अडचण उभी राहते. कित्येक घरीं मृताचें अंथरूण म्हणून ती गोधडी टाकून देतात. ही चाल आपल्या मंडळ्यांतूनही अजून गेली नाहीं. रोग सांसर्गिक असल्यास डॉक्टर सांगतील तसें करावें, जाळा म्हणाले तर जाळावी. परंतु केवळ मरणाचा विटाळ मानून आईच्या हातचें काम उकिरड्यावर टाकणें आम्हांस पटत नाहीं. अमेरिकेंत अलाबामा प्रांतीं जीज् बेंड नांवाचें खेडें आहे; तेथील लोक पूर्वीच्या गुलामांचे वंशज. तेथील मिझूरी पेटवे नांवाच्या बाईनें, पति वारल्यावर, १९४२ सालीं त्याचे शेतांत घालावयाचे विटके कपडे फाडून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी व त्याच्या मायेची ऊब अंगावर यावी, हाच हेतु. लेक अर्लोन्झिया हाताशीं होती, आणि पुढें तिच्याच तोंडून जगास ही हकीकत कळली. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. मृताचे कपडे त्या बाईस टाकावेसे वाटले नाहींत. तिनें ते पांघरले.

दुसऱ्या कित्येक घरीं याच्या उलट होतें. ‘आईची आठवण’ म्हणून गोधडी ट्रंकेंत जाते, वर कुलूप बसतें, आणि नातवंडें दुकानांतलें ब्लँकेट घेऊन निजतात. दोन पावसाळे गेल्यावर ट्रंक उघडावी, तों ओलीनें कापड काळें पडलेलें व उंदरानें कोपरा नेलेला. असें जतन करण्यापेक्षां वापरून झिजलेली बरी.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट वांटणीची. बाजारांत जिला कोणी गिऱ्हाईक मिळणार नाहीं, अशा एका गोधडीसाठीं सख्खीं भावंडें अबोला धरितात. लेक म्हणते, ‘आईनें मला शब्द दिला होता.’ सून म्हणते, ‘वन्सं, शेवटल्या दुखण्यांत त्यांचें सगळें मीं केलें.’ दोघींचेंही म्हणणें खरें असतें, म्हणूनच उपदेशकास निवाडा करितां येत नाहीं. कोणी सुचवितात, कात्रीनें सारखे तुकडे करा. तसें करूं नये. धांवदोरा कापला कीं प्रत्येक तुकड्याची कड उसवूं लागते, आणि हातीं न पांघरूण राहतें न आठवण.

आमच्या मतें ह्या भांडणाचा उपाय गोधडीच्याच रीतींत आहे. आपल्या बाया विरलेली गोधडी फेंकीत नाहींत. तिच्यावर खालीं नवें कापड घालून तिला नव्या गोधडीच्या पोटांत घेतात. तेव्हां अखंड गोधडी घरांतल्या सर्वांत धाकट्या लेंकरास द्यावी, लेकीचें असो वा सुनेचें. आणि ती विरली म्हणजे पुढच्या लेंकरासाठीं तिच्यावर नवी शिवावी. एवढ्यानेंही समेट न झाला, तर टांके हलक्या हातानें उसवून थर वेगळे करावे. आंत तीन-चार लुगडीं निघालीं, तर घरटीं एक द्यावें. वर घालावयास न टिकणारें लुगडें आंत टिकतें, आणि प्रत्येक घरीं त्याच्याभोंवतीं नवी गोधडी उभी राहते. यांत आजीचे टांके मात्र जातात. हें नुकसान खरें आहे, व घरच्यांना तें आधींच सांगावें. म्हणजे कित्येकदां सांगतांक्षणींच भांडण मिटतें.

कुंची, झबलें यांची गोष्ट सोपी. हन्ना शमुवेलासाठीं वर्षोवर्षीं लहानसा झगा करून नेई, कारण मूल वाढतें आणि कापड वाढत नाहीं. अशीं वस्त्रें थोरल्याच्या अंगावरून धाकट्याच्या अंगावर आपोआप जातात. त्यांस कुलूप लावणारी आई आम्हीं क्वचितच पाहिली.

आणखी एक. शिवणारी बाई जिवंत असतां वस्तु कोणास द्यावयाची हें तिनेंच चारचौघांदेखत सांगावें, हें उत्तम. तिला तसें विचारणें म्हणजे तिच्या मरणाची वाट पाहणें, असें पुष्कळांस वाटतें. पण पुसून पाहिल्यास म्हातारीस बहुधा आनंदच होतो. तसेंच धांवदोरा मुलींबरोबर मुलांसही शिकवावा. घोड्याचें खोगीर शिवणाऱ्या पुरुषास गोधडीची सुई जड जाण्याचें कांहीं कारण नाहीं.

ह्या आठवड्यांत उपदेशकांनीं वडीलधारी बाई असलेल्या एका घरीं जावें, गोधडी उन्हांत पसरावयास सांगावी, आणि कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा हें बाईस विचारून त्या घरच्या मुलाकडून लिहवून घ्यावें. कागद गोधडीच्या घडींत ठेवूं नये, धुण्यांत जाईल. घरच्या शास्त्राच्या पुस्तकांत ठेवावा.