ग्रिप खिशात ठेव

केंदूर

चि. भाचीस,


मोटर पाबळला भरायला टाकली आहे. आजोबा रागावलेले नाहीत, पण चूक कुठे झाली ते तुला कळायला हवं. विहिरीचं पाणी खाली गेलं की त्यांना मेसेज जावा, असा प्रोग्राम तू पायथनमध्ये लिहिलास. चाचणी घेताना त्यांचा फोन सारखा वाजू लागला, म्हणून मेसेज पाठवणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'रिटर्न' टाकलंस. तात्पुरतं! ते तसंच राहिलं आणि रात्रीच्या थ्री फेजवर मोटर कोरडी चालून जळली.

आपला वायरमन फ्यूजची ग्रिप काढतो, ती कुठे ठेवतो? खिशात. दुसऱ्या कुणी बसवू नये म्हणून, आणि घरी निघताना मांडीला टोचली की आठवावी म्हणूनही.

पायथनमध्ये असा खिसा तयार मिळतो. मायकेल फोर्डने लिहिलेलं 'मॉक' २०१२ साली पायथन ३.३ सोबत आलं. त्यातलं 'पॅच' वापर. 'विथ पॅच' लिहिलंस की तेवढ्या ओळींपुरता खऱ्या फंक्शनच्या जागी तोतया बसतो. ओळी संपल्या, किंवा मध्येच एरर आली, तरी खरं फंक्शन जागेवर परत येतं. मूळ फाइलला हातच लागत नाही. स्वतःच अदलाबदल करायची असेल, तर परत बसवायची ओळ 'फायनली'त टाक. आणि ती आधी लिही.

एका जागी तू अडशील. मी दोन दिवस अडलो होतो. 'मोटर' फाइलने 'फ्रॉम संदेश इम्पोर्ट पाठव' म्हटलं असेल, तर 'संदेश'मधलं 'पाठव' बदलून उपयोग नाही. डायरीत वायरमनचा नंबर बदलला, तरी मोटरघराच्या दारावर खडूने लिहिलेला जुनाच राहतो, आणि लोक तोच लावतात. म्हणून 'मोटर.पाठव' बदल.

तोतयाही पारखून घे. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईतल्या भल्याभल्यांना चकवलं. साधा मॉक तर काहीही दिलं तरी मान डोलावतो. फोन नंबर द्यायला विसरलीस तरी चाचणी पास! 'ऑटोस्पेक' लाव, म्हणजे खऱ्याला जे चालत नाही ते त्यालाही चालणार नाही.

मोटर शनिवारी मिळेल. लॅपटॉप घेऊन ये. आधी ते 'रिटर्न' काढ, मग सेन्सर पाण्याबाहेर धरून आजोबांचा फोन वाजतो का ते बघू.

तुझा,
मामा