गाडीच्या पोटाखालचं मेण

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या नळापाशी गाड्या धुण्याचा कार्यक्रम चालतो तेव्हा एक गोष्ट बघा. टाकी चकचकीत होते, हेडलाइट पुसला जातो, एखादा हौशी गडी जुन्या टूथब्रशने स्पोकसुद्धा घासतो. खाली वाकून गाडीचं पोट मात्र कुणी बघत नाही. दुचाकीचं एक वेळ ठीक, तिथे निदान नजर तरी पोचते. घरच्या चारचाकीचं पोट आपल्याला दिसतं ते पंक्चर झाल्यावर, जॅक लावताना. आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथेच झालेली असते.

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत करोजनचा धडा सगळ्यांनीच केलाय. लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या मदतीने ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधल्या मधे गंज तयार होतो. पाच मार्कांचं उत्तर. पण त्यातली खरी गंमत केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवली. तो प्रयोग आपल्या लॅबमध्येही करता येतो. पत्र्याचा तुकडा एमरी पेपरने घासा. मिठाच्या पाण्यात थोडं फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडं पोटॅशियम फेरीसायनाइड घालून त्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवा. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. निळा रंग म्हणजे लोखंड विरघळतंय ती जागा. कडेला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो, आणि खाल्ला जातो तो मधला भाग.

म्हणजे जिथे हवा कमी, तिथेच पत्रा खाल्ला जातो. हे एकदा डोक्यात बसलं की गाडीखालचं सगळं चित्र उलगडतं. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखलाचा गोळा, दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडलेत तिथली बारीक फट, चासीच्या डबीसारख्या पोकळ भागात साचलेली ओल, या सगळ्या त्या थेंबाच्या मध्यभागासारख्या जागा. उघडा, वाऱ्यावर सुकणारा पत्रा त्या मानाने सुखी म्हणायचा.

आता यात मीठ आलं की काय होतं ते कोकणातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. मिठामुळे पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, गंजाचा वेग वाढतो, हे झालंच. पण मिठाचा दुसरा गुण जास्त त्रासाचा आहे. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना? शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला त्यासाठी जेमतेम ३३ टक्के पुरतात. त्यामुळे खारा वारा खाल्लेली गाडी जानेवारीच्या कोरड्या दुपारीही पोटाखाली पूर्ण कोरडी नसते. हात लावून कळत नाही, पण ओलाव्याचा एक पातळ पापुद्रा तिथे असतोच.

सर्वांत वाईट अवस्था मासळीच्या गाड्यांची. आमच्याकडे रत्नागिरीत बंदरावरून निघालेल्या पिकअपमधून बर्फाचं खारं पाणी रस्ताभर गळत असतं, आणि ते रस्त्यावर पडण्याआधी चासीवरून जातं. आमच्या वाडीतल्या अशाच एका पिकअपला पासिंगच्या आधी वेल्डरकडे नेलं होतं. वरून काळं कोटिंग छान, कुठे भेग नाही. वेल्डरने मागच्या क्रॉस मेंबरवर हातोडी मारली आणि ती सरळ आत गेली. कोटिंग आहे तसंच, आतलं लोखंड मात्र पापडासारखं. ब्रेकचे पाइप त्याच भागातून जातात आणि पाट्यांचे ब्रॅकेट तिथेच बसतात. तेव्हा हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, घाटात ब्रेक लागण्याचा आहे.

ते काळं कोटिंग म्हणजे डांबर किंवा रबरासारखा जाड थर. तो वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. नव्या, स्वच्छ पत्र्यावर नीट बसला तर उडणाऱ्या खडीपासून तो चांगलं संरक्षण देतो. अडचण पुढे येते. काही वर्षांनी तो कडक होतो, एखाद्या दगडाने टवका उडतो, कडेने पाणी आत शिरतं आणि थर व पत्रा यांच्यामध्ये पसरतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. पुन्हा इव्हान्सचा थेंब, फक्त आता त्यावर झाकण! जुन्या गाडीच्या गंजक्या पत्र्यावर असं कोटिंग मारून घेणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट देण्यासारखं आहे. दिसायला छान, आत ओल तशीच.

मेणाचं कोटिंग वेगळ्या तत्त्वावर चालतं. ते कधीच पूर्ण कडक होत नाही. पेट्रोलियममधून मिळणारं मेण, थोडं तेल, गंजरोधक रसायन आणि हे सगळं पातळ ठेवणारं सॉल्व्हंट अशी साधारण रचना असते. फवारल्यावर ते पाण्यासारखं फटीत शिरतं, केशाकर्षणाने सांध्यात चढतं, मग सॉल्व्हंट उडून जातं आणि मऊ थर उरतो. बारीक ओरखडा पडला तर तो थर थोडा सरकून जखम भरून काढतो. गंजरोधकाच्या रेणूचं एक टोक धातूला धरून बसतं आणि दुसरं, तेलकट टोक पाण्याला दूर ठेवतं. कॅल्शियम सल्फोनेट हे त्यातलं नेहमीचं नाव. काही उत्पादनांत पेट्रोलियम मेणाऐवजी लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण वापरतात. पावसात मेंढी भिजून चिंब का होत नाही, त्याचंच हे उत्तर.

‘मग मेणबत्त्या वितळवून ओतल्या तर?’ हा प्रश्न आमच्या रूमवर आला होता, आणि प्रश्न वाटतो तेवढा येडपट नाही. मेणबत्तीचं पॅराफिन थंड होताना मोठे, चपटे स्फटिक बनवतं, आकसतं आणि तडकतं. कोटिंगमध्ये वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण. त्याच्या रेणूंना फांद्या असतात, स्फटिक अगदी बारीक होतात, तेल धरून ठेवतात आणि थर वाकला तरी तुटत नाही. दोन्ही मेणंच, पण वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे चासीला जळकं ऑइल मारणं. कल्पना चुकीची नाही, कोयत्याला तेल लावून आढ्याला अडकवण्याचीच ती कल्पना. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्लं तयार झालेली असतात, ते रबरी बुश फुगवतं, पहिल्या चार पावसांत धुऊन जातं आणि शेवटी अंगणात नाहीतर विहिरीच्या वाटेला लागतं. कातडीलाही ते घातक. त्यापेक्षा मेण कधीही बरं.

काम करायचं ते आगोटीच्या कामांबरोबर, एप्रिल-मेमध्ये. आधी धुणं, आणि तेही गोड्या पाण्याने. खाडीलगतच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने धुतलं तर मीठ काढून मीठ लावल्यासारखं होईल. चासीच्या भोकांतून पाइप घालून आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढायचा. नंतर वाळवणं, आणि इथे घाई अजिबात नको. कडक उन्हाचे दोन दिवस तरी द्या. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर आपण ती ओल आतच कोंडतो.

मेण दोन प्रकारचं घ्यावं लागतं. पोकळ भागांसाठी पातळ, आणि उघड्या पोटासाठी जाडसर. पोकळीत मारायला लांब नायलॉनची नळी आणि चारी बाजूंना फवारणारं नोझल मिळतं. नळी शेवटपर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढायची. बहुतेक गॅरेजवाले बाहेरचं पोट काळं करून देतात आणि हा भाग सोडतात, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. माझ्या मते दोन्हींतलं एकच करायचं असेल तर आतलं करावं. काम झाल्यावर खालची पाणी निथळण्याची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नका. ती बुजली तर दरवाजाच्या आणि चासीच्या आत तळं साचेल.

सायलेन्सर, ब्रेकची डिस्क, पॅड आणि ड्रम यांच्यावर थेंबही जाता कामा नये. सॉल्व्हंट पेट घेणारं असतं, म्हणून मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून काम करा. पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर आत मेण आहे हे वेल्डरला आधी सांगा, आग लागू शकते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. रॅम्प हवा, किंवा पक्के स्टँड.

मेणाचे दोषही आहेत. चाकांमागे खडी आणि पाण्याच्या माऱ्याने ते झिजतं, धूळ चिकटते, सर्व्हिस सेंटरचा जेट जवळून मारला तर उडून जातं. ही उत्पादनं मुख्यतः रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत वाढली. त्यामुळे आपल्या मे महिन्यात काही मेणं ओघळतात. डब्यावर किती तापमानापर्यंत टिकतं ते वाचूनच घ्यावं. आणि जिथे हातोडी आत जाते तिथे मेणाचा काही उपयोग नाही, तो भाग कापून नवाच बसवावा लागतो.

पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा बॅटरी घेऊन खाली बघायचं. चाकांच्या मागचा भाग, सांधे आणि ब्रेकचे पाइप एवढं पाहिलं तरी पुरे. जिथे मेण गेलेलं दिसेल तेवढाच भाग धुऊन, सुकवून पुन्हा मारायचा. दुचाकीवाल्यांनी साइड स्टँडचा सांधा, मागच्या मडगार्डची आतली कड आणि बॅटरीखालचा पत्रा बघावा. त्याला एक छोटा डबा पुष्कळ होतो, चौघांत मिळून घेतला तरी उरेल.