चार छायाचित्रांची एक तसबीर

अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ घरांत वडील माणसांचें एकच छायाचित्र असतें. तें नासलें म्हणजे पुन्हां मिळत नाहीं. म्हणून मूळ प्रत पेटींत जपून ठेवावी व तसबिरींत तिची नक्कल लावावी.

४ × ६ इंचांचीं चार उभीं चित्रें लावण्यास ११½ × १५½ इंचांची कांच घ्यावी. तेवढ्याच जाड पुठ्ठ्यांत ३¾ × ५¾ इंचांच्या चार खिडक्या कापाव्या. कडेस दीड व मध्यें एक इंच जागा राहील. हा पुठ्ठा केवळ शोभेकरितां नव्हे. पावसाळ्याच्या दमट हवेनें चित्रावरील जिलेटिनचा थर फुगून कांचेस चिकटतो. पुठ्ठा त्या दोहोंमध्यें अंतर राखतो. चित्रें मागून वरच्या कडेसच कागदाच्या पट्टीनें चिकटवावीं, म्हणजे कागदास फुगण्यास वाव राहतो. पाठीस वर्तमानपत्राची रद्दी घालूं नये. तिच्यांतील आम्लानें चित्र पिवळें पडतें.

चौकटीस मेळघाटांत होतो तसा साग उत्तम. मात्र वाळलेला गाभा घ्यावा, कारण बाहेरील पांढऱ्या भागास वाळवी लागते. पट्ट्यांच्या आंतल्या कडेस कांचेकरितां खांच पाडावी व टोकें ४५ अंशांत कापावीं. खांचेचें माप कांचेहून ⅛ इंच अधिक असावें. सरस लावून जोडतांच दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनांत आहे असें समजावें.

शेवटीं मागील फळीवर प्रत्येकाचें नांव, गांव व वर्ष लिहावें. आपणांस ओळखीचा असलेला चेहरा नातवंडांस ओळखीचा असेलच असें नाहीं.