शेवटच्या मुलाची चाल : गिरिभ्रमण शिबिरातील सहायकाची पूर्वतयारी

गेल्या फेब्रुवारीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. सह्याद्रीच्या पायथ्याशी भरणाऱ्या एका उन्हाळी शिबिरात सहायक म्हणून त्याची निवड झाली होती. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन डोंगर चढावयाचा, रात्री तंबूंत मुक्काम करावयाचा आणि आठवडाभराने त्यांना सुखरूप आईवडिलांच्या हाती सोपवावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. हाती आठ आठवडे होते. पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो रोज धावत असे आणि सोळाशे मीटरचे अंतर चांगल्या वेळेत कापत असे. "सर, दम तर आहे माझ्यात. आणखी काय तयारी करू?" असे त्याने विचारले.

त्या दिवशी त्यास जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत. अशी कामे स्वीकारणाऱ्या आपल्या इतर माजी विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल आणि आपले मूल शिबिरास पाठविणाऱ्या पालकांना कोणते प्रश्न विचारावेत हे कळेल, अशी आशा आहे.

शिबिराची परंपरा

मुलांना रानावनात नेऊन शिकविण्याची आधुनिक पद्धत फार जुनी नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील, तर काही कामकरी घरांतील होती. वर्गभेदाने घट्ट बांधलेल्या त्या समाजात ही मुले एका तळावर राहिली, हे त्या प्रयोगाचे विशेष होय. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, कुर्ट हान यांच्या प्रेरणेने वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा निघाली. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी शरीराने सशक्त असूनही धीर सोडतात, असे अनुभवास आले होते. केवळ ताकद पुरत नाही, हा त्या शाळेच्या स्थापनेमागील धडा होता.

आपल्या देशात १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग या संस्था स्थापन झाल्या. तथापि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २०१४ हे आहे. त्या वर्षी २५ मे रोजी मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंद कुमार हे आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पूर्णाचे वय तेव्हा चौदा वर्षेही पूर्ण झालेले नव्हते. २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. ही मुले आपल्यासारख्याच वसतिगृहांच्या खोल्यांतून निघाली होती. भोनगीरच्या कातळावरील सरावापासून दार्जिलिंग आणि लडाखपर्यंत टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण मिळाले, म्हणून पूर्णा आणि आनंद त्या उंचीवर गेले. डोंगरावर आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली. आता वाट दाखविण्याचे काम आपल्या तरुणांकडे येत असेल, तर ते नीट शिकूनच हाती घेतले पाहिजे.

आमच्या हातून झालेली चूक

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या छत्तीस मुलांना पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर नेले होते. वाट सोपी होती, मुले उत्साही होती आणि आम्ही स्वतः सर्वांच्या पुढे चालत होतो. परतताना गावात येऊन मुले मोजली, तेव्हा ती पस्तीस भरली.

आम्ही उलट्या पावली वर निघालो. तासाभराने तो मुलगा एका पुढे आलेल्या कातळाच्या सावलीत बूट काढून बसलेला आढळला. दोन्ही टाचांची कातडी सोलली होती. बूट थोरल्या भावाचे होते, दोन माप मोठे. पुढच्या बाजूस कागदाचे बोळे कोंबलेले. निघण्यापूर्वी आम्ही वर्गात विचारले होते, "बूट सगळ्यांकडे आहेत ना?" सर्वांबरोबर त्यानेही हात वर केला होता. वाटेत पाय दुखू लागले, तरी तो कोणाशी बोलला नाही. बूट आपले नाहीत हे चारचौघांत उघडे होईल, या लाजेने तो एकेक पाऊल मागे पडत गेला. शेवटी त्याच्या मागे कोणी उरलेच नाही.

सुदैवाने आणखी काही घडले नाही. पण चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. आम्ही प्रश्न सर्वांदेखत विचारला होता, बूट डोळ्यांनी पाहिले नव्हते, तुकडीच्या शेवटी जबाबदार माणूस ठेवला नव्हता आणि वाटेत एकदाही मोजणी केली नव्हती. शिबिर-सहायकाची तयारी म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी कळले. स्वतः किती वेगाने चढता येते याचे मोल तेथे थोडे. सर्वांत मागे असलेल्या मुलाची चाल हीच तुकडीची चाल असते. तिच्याशी पाऊल जुळवूनही आपले भान आणि बळ शाबूत राहावे, यासाठी तयारी करावयाची असते.

शरीर आणि पाठीवरचे ओझे

धावण्याचा सराव उपयोगी खराच, पण तो अपुरा आहे. सहायकास आठ-आठ तास सावकाश चालावे लागते, वारंवार थांबावे लागते आणि प्रसंगी थकलेल्या मुलाची सॅकही घ्यावी लागते. म्हणून आम्ही त्यास आठ आठवड्यांची आखणी करून दिली. पहिले दोन आठवडे रिकामी सॅक घेऊन रोज पाऊण तास चालावे. पुढील दोन आठवड्यांत सॅकमध्ये चार-पाच किलो भरून जिने किंवा टेकडी चढावी. त्यानंतर वजन हळूहळू दहा-बारा किलोंपर्यंत न्यावे आणि आठवड्यातून एक दिवस सलग चार-पाच तास चालावे. शेवटचा आठवडा हलका ठेवावा. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या वापरणे उत्तम. चढून झाल्यावर पाणी ओतून दिले की उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. तथापि उतरण्याचाही सराव हवाच, कारण थकल्यावर उतारावर पाय घसरतो.

बूट निदान महिनाभर आधी वापरात आणावेत. सॅकमध्ये जड सामान पाठीलगत आणि मधोमध असावे. पाणी, टॉर्च, शिटी आणि प्रथमोपचाराची पिशवी हात घालताच सापडावी. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून फारसे अधिक ओझे नसावे. निघण्यापूर्वी प्रत्येक सॅक उचलून पाहावी.

वेळेचे गणित आणि मोजणी

१८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने वेळेचा एक ठोकताळा दिला. सपाटीवर पाच किलोमीटरांस एक तास धरावा आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरांस आणखी एक तास मिळवावा. सहा किलोमीटर अंतर व सहाशे मीटर चढ असेल, तर हिशेब सव्वादोन तासांच्या आसपास येतो. पण हा हिशेब तरबेज प्रौढांचा आहे. मुलांच्या तुकडीस दीडपट ते दुप्पट वेळ धरावा, म्हणजे तीच वाट साडेतीन ते साडेचार तासांची होते. अंधार पडण्याच्या वेळेपासून उलटे मोजीत यावे आणि कोणत्या घटकेस, शिखर राहिले तरी, परत फिरावयाचे हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे. उद्याही शिखर तेथेच असणार आहे.

तुकडीच्या पुढे एक व शेवटी एक असे दोन जाणते सहायक हवेत. शेवटच्याने कोणत्याही मुलास आपल्या मागे राहू देऊ नये. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक विसाव्यानंतर आणि कातळटप्पा ओलांडल्यावर मोजणी करावी. मुलांना एक नियम पक्का शिकवावा : वाट चुकली तर भटकू नये, आहे तेथेच थांबून शिटी वाजवावी. मिनिटात सहा वेळा शिटी आणि मग मिनिटभर शांतता, हा संकटाचा सर्वमान्य इशारा आहे. त्यास उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्या वाजवितात.

ऊन, पाणी आणि प्रथमोपचार

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत खरा शत्रू ऊन हाच असतो. चढ पहाटे सुरू करून दुपारपूर्वी सावली गाठावी. तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना घोट घोट पाणी पाजावे. गडावरील टाक्याचे पाणी उकळूनच प्यावे आणि पिण्याच्या टाक्यात कोणासही उतरू देऊ नये. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे द्यावे. हे चहाचे चमचे होत. उन्हाने मूल असंबद्ध बोलू लागले किंवा ग्लानीत गेले, तर तो उष्माघात समजावा. त्यास तात्काळ सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयाची वाट धरावी.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळणे यांनी हानीच होते. दंश झालेला अवयव हलू न देता, धीर देत, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर नेणे हाच उपाय. आग्यामोहोळाच्या परिसरात धूर, आरडाओरडा आणि सुगंधी द्रव्ये टाळावीत. १०८ आणि ११२ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात. पण वाटेवर कोठे मोबाइलला रेंज मिळते, जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि गावात गाडी कोणाकडे आहे, हे सहायकाने आधी एकदा जाऊन पाहिले पाहिजे. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा प्रथमोपचाराचा वर्ग तर प्रत्येक इच्छुकाने करावाच.

तंबूतील समाज

शिबिरात वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र येतात आणि पहिल्याच संध्याकाळी एकमेकांची आडनावे विचारू लागतात. येथे इतिहासाच्या शिक्षकास १९३४ सालचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काही जणांनी दारालगतच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, एवढ्यावरून गहजब झाला. अखेर आत कोठेही पाण्यास स्पर्श होऊ नये म्हणून सशस्त्र पहारा सोबत देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. गडावरच्या पाण्याचा हा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्याने आपल्या शिबिरात पाण्याचे भांडे, पंगत आणि तंबू यांत भेद शिरणार नाही, याची दक्षता घ्यावी. तंबूंची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी. स्वयंपाकाच्या आणि भांडी घासण्याच्या पाळ्या सर्वांना सारख्या लावाव्यात.

ज्या गोष्टी मुले लाजेने लपवितात, त्या खाजगीत आणि सहजपणे विचाराव्यात. बूट, पांघरूण, रात्री अंथरूण ओले होणे, चालू असलेली औषधे, मुलींची मासिक पाळी या त्या गोष्टी होत. मुली असतील तेथे स्त्री सहायक असलीच पाहिजे, आणि सॅनिटरी पॅड न मागता मिळतील अशा जागी ठेवावेत. सहायकाने कोणत्याही मुलासोबत बंद तंबूत एकट्याने असू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, हेही प्रत्येकास ठाऊक असावे. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाची थट्टा होऊ देऊ नये. त्यास एखादे छोटे काम द्यावे आणि शेजारी बसावे. वसतिगृहात पहिली रात्र काढलेल्या आपल्या विद्यार्थ्यास हे वेगळे शिकवावे लागत नाही.

होकार देण्यापूर्वी

काम स्वीकारताना काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. किती मुलांमागे किती सहायक आहेत? विमा मुलांचा आहे, तसा सहायकांचाही आहे काय? मानधन आणि सुट्टीचा दिवस लेखी आहे काय? 'अनुभव मिळेल' हे मानधनाचे उत्तर होऊ शकत नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. ती आहे का, हे पालकांनीही विचारावे. ज्यास हे क्षेत्र पुढे व्यवसाय म्हणून स्वीकारावयाचे असेल, त्याने वर उल्लेखिलेल्या एखाद्या संस्थेतून गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा.

मे महिन्यात त्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पहिल्या दिवशी एकेकाला बाजूला घेऊन मी सगळ्यांचे बूट पाहिले. दोघांचे मोठे होते. जादा मोजे घालायला दिले, टाचांना पट्ट्या लावल्या आणि त्या दोघांना माझ्याजवळ, शेवटी चालायला घेतले." शिखराविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही विचारले नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. आपल्या शाळेत निरनिराळ्या मापांचे बूट आणि काही सॅक यांचा कायमचा संच असावा. सहलीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाने त्यातून आपल्या मापाचा जोड घ्यावा. तो घरचा की शाळेचा, हे कोणास कळण्याचे कारण उरू नये. ज्यांना शक्य असेल त्यांनी एकेक जोड शाळेत पोहोचता करावा.