४.३ ग्रिड संगणनाच्या विकासास चालना देणारे घटक

घरातील दिवा लावताना वीज कोणत्या केंद्रातून आली, हे आपण विचारत नाही. संगणनाची शक्तीही दूरवरच्या अनेक यंत्रांतून एकत्र होऊन अशीच सहज मिळावी, या कल्पनेतून ‘ग्रिड’ हे नाव रूढ झाले. तिच्या विकासामागील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

(१) विज्ञानाची वाढती गरज : जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरपासून दरवर्षी सुमारे १५ पेटाबाइट, म्हणजे दीड कोटी गिगाबाइट माहिती मिळेल, असा अंदाज होता. तिचा भार एकाच केंद्रावर टाकणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे अनेक देशांतील संगणक केंद्रे जोडणारे जागतिक ग्रिड उभारण्यात आले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात सहभागी आहे.

(२) विनावापर राहणारी क्षमता : बहुतेक संगणक दिवसाचा बराच काळ रिकामे असतात. १९९९ मध्ये बर्कले येथे सुरू झालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ प्रकल्पाने लोकांच्या घरच्या संगणकांचा हा रिकामा वेळ रेडिओ संकेतांच्या विश्लेषणासाठी वापरला. काटेकोरपणे पाहता हे स्वयंसेवी संगणन होय. तथापि विखुरलेली क्षमता एकवटता येते, हे त्याने दाखवून दिले.

(३) वेगवान संपर्कजाळे : १९९५ मधील ‘आय-वे’ प्रयोगात उत्तर अमेरिकेतील १७ केंद्रे वेगवान जाळ्याने जोडली गेली. दूरच्या यंत्रांवर एकत्रित काम करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

(४) सामाईक प्रमाणके व परस्परविश्वास : प्रत्येक संस्थेची यंत्रे, नियम व सुरक्षाव्यवस्था भिन्न असतात. परक्या वापरकर्त्यास प्रवेश द्यावा की नाही, हे कसे ठरवायचे? इयान फॉस्टर, कार्ल केसलमन व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘ग्लोबस’ या आज्ञावलीसंचाने ओळख पटवणे, काम सोपवणे व माहिती पाठवणे यांसाठी समान पद्धती पुरवल्या.

भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, पुणे) ‘गरुड’ हे राष्ट्रीय ग्रिड उभारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गरजेमुळे ग्रिडची मागणी निर्माण झाली, रिकाम्या यंत्रांमुळे साधन मिळाले व जाळ्यामुळे मार्ग खुला झाला. परंतु विश्वासाची व्यवस्था नसती, तर कोणत्याही संस्थेने आपले दार दुसऱ्यासाठी उघडले नसते. म्हणूनच ग्रिडचा विकास हा तंत्राइतकाच सहकार्याचाही इतिहास आहे.

आपली प्रगती तपासा
१. ग्रिड संगणन व स्वयंसेवी संगणन यांतील साम्य सांगा.
२. वरीलपैकी कोणता घटक आपणास निर्णायक वाटतो? सकारण लिहा.